हाकेच्या अंतरावर

दोरीची घंटा वाजली तेव्हा मी खिडकीशी बसलो होतो आणि काहीच करत नव्हतो. पेपरवाला सकाळीच येऊन गेला होता, भाजीवाली हल्ली माझ्या दोरीला हात लावत नाही, आणि त्या दोघांखेरीज माझ्याकडे येणारं माणूस रंगूनमध्ये उरलेलं नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक बिऱ्हाडाची एक दोरी खाली रस्त्यापर्यंत सोडलेली असते. खालच्या टोकाला चिमटा, वरच्या टोकाला घंटा. मला वाटलं, कुणीतरी चुकून ओढली. मग ती पुन्हा वाजली, आणि मी वाकून पाहिलं. चार मजले खाली एक बाई मान वर करून उभी होती. अंगात डोंगराकडचा लाल विणलेला सदरा, खांद्याला झोळी. तिने तोंडाशी हात धरून आमच्या भाषेत, करेन भाषेत, विचारलं, "थरा लासे इथंच राहतात का?" भर रस्त्यात इतक्या मोठ्याने आमची भाषा बोलण्याची मला सवय राहिलेली नाही. शिवाय 'थरा', म्हणजे मास्तर, असं मला कुणी म्हणत नाही. छापखान्यात तीस वर्षं मी मुद्रितं तपासली, तिथे मला माझ्या बर्मी नावाने ओळखत. मी घाबरून हळूच म्हणालो, "कोण?" ते तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण ती म्हणाली, "मी वाफॉ!"

मी आत सरकून खाली बसलो. तळपायांना एकदम ओल जाणवली. पाय कोरडे होते, मी हात लावून पाहिलं. तरी बोटांच्या बेचक्यांत चिखल शिरावा तशी ती ओल वर चढत होती. वाफॉ. हे नाव मी अडतीस वर्षांपूर्वी दिवसातून पन्नास वेळा ऐकत होतो, आणि ते ज्याला उद्देशून घेतलं जाई तो दाढीचे खुंट वाढलेला, पान खाणारा पस्तिशीचा माणूस होता. आमच्यात मूल झालं की बापाचं स्वतःचं नाव मागे पडतं. पलटणीत त्याला सगळे 'वाफॉचा बाप' म्हणत. त्याचं खरं नाव वहीत होतं, आणि वही माझ्याकडे होती. मी उठलो, किल्ली चिमट्याला लावली आणि दोरी सोडली. किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडीत दोनदा अडकली. खालून ती ओरडली, "जरा डावीकडं, थरा!" आणि मी निमूटपणे दोरी डावीकडे घेतली.

चार मजले चढायला माणसाला किती वेळ लागतो? मला हल्ली दहा मिनिटं लागतात. डोंगरातली बाई दोन मिनिटांत येईल, एवढा हिशोब मला सुचला आणि त्या दोन मिनिटांत मी काय करायचं ते सुचेना. मी खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवली, पुन्हा वर ठेवली. मला पळून जायचं होतं, पण जिना एकच आहे. पंचाहत्तर साली असंच होतं. जायला वाट एकच होती. सरकारी फौजेने योमाच्या डोंगरातली आमची गावं आणि शेतं जाळत आणली होती. मीठ मिळेना, तांदूळ मिळेना. तेव्हा आम्ही नव्वद माणसं तिथून निघालो. डोंगर उतरून उघडं मैदान, रेल्वेचा रूळ, मोटाररस्ता आणि सित्तांग नदी ओलांडून पूर्वेच्या डोंगरात आपल्या लोकांना मिळायचं होतं. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. बंदूक मला नीट धरता येत नसे, पण अक्षर चांगलं होतं म्हणून पलटणीची हजेरीवही मेणकापडात गुंडाळून माझ्या पाठीवर दिलेली होती. लोकांना लढाई म्हटलं की गोळ्या आठवत असतील. मला टाचा आठवतात. चालणं म्हणजे पुढच्या माणसाच्या टाचा, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत. माझ्या पुढे वाफॉचा बाप असे. त्याच्या टाचा भेगाळलेल्या, एका भेगेत राळ भरलेली. मी त्या टाचांवर पाय ठेवत इतके दिवस चाललो की त्याचा चेहरा आठवायचा तर मला आधी खालून सुरुवात करावी लागते. तांदळाची लांब पिशवी प्रत्येकाच्या छातीवर आडवी बांधलेली. रोज सकाळी ती थोडी सैल होई आणि त्याबरोबर आपणही सैल होत चाललो आहोत असं वाटे. जळवा काढायला तंबाखूचं पाणी लावत. हुकूम पुढून मागे कुजबुजत येई. मी तो मागच्याच्या कानात सांगे आणि आपण बरोबर सांगितला की नाही याची पुढचा कोसभर चिंता करी.

तो पूर्वेच्या डोंगरातला होता. आम्हाला नेण्यासाठी वाटाड्या म्हणून मुद्दाम आला होता. त्याचं गाव नदीपलीकडे तीन दिवसांच्या वाटेवर होतं. म्हणजे बाकीचे सगळे घरापासून लांब जात होते आणि तो एकटा घरी चालला होता. त्यामुळे त्याला थट्टा सुचे. "थरा, पुस्तक उशाला घेऊन झोपता, अक्षरं रातोरात डोक्यात शिरतात काय?"

"शिरत असती तर पाठीवर कशाला वाहिलं असतं?"

"मग टाका की नदीत. मासे तरी शिकतील."

मग तो मुलीचं सांगे. वाफॉला पातेल्याच्या बुडाची करपलेली खरवडच आवडते. चांगला भात पुढ्यात ठेवला तर रडते. "तिची आई म्हणते, पोरीला सासर गरीब मिळणार. मी म्हणतो, मिळू दे, खरवड तरी रोज मिळेल." हे त्याने मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. दहाही वेळा मी हसलो, कारण न हसणं मला जमत नसे.

ती दारात आली तेव्हा तिला दमही लागला नव्हता. तिने चपला बाहेर काढल्या, आत येऊन जमिनीवर बसली आणि झोळीतून पानात बांधलेला पुडा काढून माझ्यापुढे सरकवला. तिळात कुटलेला चिकट भात होता. "आईनं दिलाय. स्वतः कुटला असता, पण आता तिला उठवत नाही. छातीत पाणी झालंय." मी चहा ओतला. तिने पेल्याला हात लावला नाही. तिचा चेहरा मी बापाशी ताडून पाहत होतो आणि मला काहीच सापडत नव्हतं. गेल्या वर्षी लढाई थांबली, रस्ता उघडला, म्हणून ती येऊ शकली होती. गावातल्या कुणा म्हाताऱ्या शिपायाने सांगितलं होतं की पलटणीचा कारकून रंगूनमध्ये छापखान्यात असतो. ती तीन छापखाने हिंडली होती. "लोक म्हणाले, तो लाजाळू म्हातारा ना, भिंतीकडनं चालणारा? मग सापडलात."

"आईला काय हवंय?" मी विचारलं.

"बाबाचं काय झालं ते. बाकी काही नको. ती म्हणते, मी मेल्यावर त्याला कुठं शोधू ते तरी कळू दे. मेलेल्यांत की जित्यांत."

मी बोलायला लागलो. माझं मलाच नवल वाटलं, इतकं सुरळीत मी कधी बोलत नाही. मी म्हणालो, त्याला ताप आला. हिवताप. नदी ओलांडली त्यानंतर तिसऱ्या दिवशी. आम्ही त्याला झोळीत घालून वाहिलं. शेवटी मी जवळ होतो, त्याने पाणी मागितलं, मी पाजलं, आणि तो शांतपणे गेला. सागाच्या झाडाखाली पुरलं. हे बोलताना मला ते झाड दिसत होतं, त्याची मोठाली पानं, खालची ओली माती. मला वाटतं मी ते अनेक वर्षं मनात लावून ठेवलं होतं, कुणीतरी विचारील म्हणून. ती नीट ऐकत होती. एकदाही मध्ये बोलली नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग वहीत 'पळाला' का लिहिलंत?"

बाहेर कुणाची तरी घंटा वाजली आणि वरच्या मजल्यावरची बाई खाली कांद्याचा भाव विचारू लागली. वाफॉ तशीच बसली होती. "थरा, तुम्ही आमच्या गावात आला होतात. पलटण आली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मला आठवत नाही, पण आईला सगळं आठवतं. तिनं बाबासाठी डुकराचं मांस शिजवलं होतं. सगळी माणसं चढून आली, ती मोजत उभी राहिली. मग तुमच्या म्होरक्यानं, बोनं, वही मागितली आणि गावासमोर वाचलं. वही तुमच्या हातात होती. आईनं तुम्हाला पाणी दिलं होतं."

हो. तिने मला पाणी दिलं होतं. दुधी भोपळ्याच्या तुंब्यातून. नवऱ्याचं नाव पुकारायच्या आधी की नंतर, हे मला नेमकं सांगता येत नाही. मला नंतरच आठवतं, आणि तेच खरं असावं, कारण ती तुंबा पुढे करताना माझ्याकडे पाहत होती आणि मी तुंब्याकडे. कडेवरच्या मुलीच्या तोंडाभोवती काळं लागलेलं होतं. खरवड. मी ते पाहिलं आणि मान खाली घालून पाणी प्यायलो, सगळं प्यायलो. आमचा अधिकारी, ज्याला सगळे बो म्हणत, वाईट माणूस नव्हता. तोसुद्धा तिला म्हणाला, "वहिनी, येईल घरी. सगळे घरीच येतात." आला नाही तेव्हा गाव म्हणू लागलं की तो सरकारी फौजेला मिळाला, मैदानात उतरला, बर्मी बायको केली. हे मला आत्ता वाफॉने सांगितलं. पेरणीला आमच्याकडे घरोघरची माणसं एकमेकांच्या शेतावर जातात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. तिच्या आईच्या शेतावर कुणी येईना. तिने एकटीने डोंगर साफ केला, एकटीने पेरला. "पोरं मला 'पळपुट्याची' म्हणायची. मोठी झाल्यावर म्हणायचं थांबले, पण ऐकू यायचंच." हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होती, आणि माझ्या पायांची ओल आता गुडघ्यापर्यंत आली होती.

"ताप नव्हता," मी म्हणालो.

"ते कळलं."

मग मी तिला नाला सांगितला. नदी ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका नाल्यात उतरत होतो. पाणी घोट्याएवढं, गार. मी दगडावरून घसरलो आणि पाण्यात बसलो, आणि त्याच क्षणी समोरच्या बांबूंतून गोळ्या आल्या. मी बसलो म्हणून वाचलो. माझ्या मागे जो चालत होता तो माझ्या अंगावर पडला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाणी त्याच्याभोवतीने वळसा घालून चाललं होतं. मी किती वेळ तसा बसलो? कुणीतरी मला काखेत हात घालून ओढलं. त्या टाचा मला पुन्हा समोर दिसल्या, मी त्यांच्यामागे चढ चढलो. वर डोंगराच्या धारेवर सगळे पुन्हा जमलो. मागे राहिलेल्यांची वाट पाहत तिथे दोन दिवस मुक्काम झाला. आवाज करायचा नाही, चूल पेटवायची नाही, असा बोचा कडक हुकूम होता. आणि मला वहीत लिहिता येईना. कोण आहे, कोण नाही, ते टिपायचं होतं. पेन बोटांत धरलं की ते गळून पडे. बोटं माझी नव्हतीच. कोरडा भात तोंडात घातला तर तो तसाच राही, गिळायचं कसं ते विसरल्यासारखं. कुणी काही विचारलं तर मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देई. दोघंतिघं हसले. वाफॉचा बाप हसला नाही. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, माझ्या डोळ्यांत बघत राहिला आणि म्हणाला, "थरा, तुमचा जीव नाल्यात राहिलाय."

वाफॉने मान हलवली. तिला यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. माणूस फार दचकला की त्याच्या जिवांपैकी एखादा तिथेच थांबतो, अंगाबरोबर येत नाही. मग कुणीतरी जाऊन त्याला हाक मारून आणावं लागतं. मी मिशनच्या शाळेत शिकलेला ख्रिस्ती माणूस. माझी आजी हे करी आणि माझे वडील त्यावर चिडत. मुलांना शिकवताना मी स्वतः या गोष्टीची चेष्टा केलेली होती. आणि त्या दिवशी त्याने असं म्हटल्याबरोबर मला रडू आलं, कारण ते इतकं बरोबर होतं. अंगात कुणी नव्हतं हे मला केव्हापासून कळत होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

"मग तो आपणहून गेला," वाफॉ म्हणाली. "त्याचा स्वभावच तसा. आई सांगते, शेजाऱ्याच्या रेड्यालासुद्धा तो हाक मारून आणायचा."

हे मला पुरण्यासारखं होतं. ती स्वतःच मला दार उघडून देत होती. आपणहून गेला, मारला गेला, शूर होता. आईला हे सांगितलं असतं तर आई समाधानाने गेली असती आणि मी माझ्या खिडकीशी परत बसलो असतो. मी खरोखर तोंड उघडून "हो" म्हणायच्या बेतात होतो. पण तिने एवढ्यात पेला उचलून थंड झालेल्या चहाचा पहिला घोट घेतला, आणि ती आता माझ्यावर विश्वास ठेवते आहे हे मला दिसलं. त्याने मी घाबरलो.

"मी त्याला जा म्हणालो," मी म्हणालो. "त्यानं विचारलं होतं, 'जाऊ का?' म्हणाला, 'उद्या निघायचंय. हा डोंगर ओलांडला की जिवाला वाट सापडायची नाही.' मला माहीत होतं की खाली सरकारी माणसं असतील. मला माहीत होतं की हाक मोठ्यानं मारावी लागते. मी म्हटलंसुद्धा, हळू मारता येणार नाही का? तर म्हणाला, 'हळू मारली तर जिवाला वाटेल, आपल्याला चोरून बोलावतायत. तो कशाला येईल?' आणि हसला. मग मी म्हणालो, जा."

त्याने माझ्या झोळीचा एक धागा तोडून घेतला, भाताचा एक गोळा आणि चिमूटभर मीठ पानात बांधलं, आणि पाणी आणायला चाललो असं दाखवत बांबूचे दोन नळे खांद्यावर टाकून उतरला. दुपार होती. जाताना मला बजावून गेला, "जागेवरनं हलू नका. मी विचारीन, आला का? तुम्ही फक्त 'आलो' म्हणा. ऐकलं की मी गप्प. लगेच वर येतो." मी धारेच्या टोकाला एका खडकाआड जाऊन बसलो. बाकीचे मागच्या उतारावर झोपलेले, दरीतला आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. अर्ध्या तासाने खालून आवाज आला. दरीतून येणारा आवाज कधी लांबचा वाटतो, कधी कानाशी. "प्रूऽऽ! लासे! ये, लासे, परत ये! पाण्यात थांबू नकोस, दगडाखाली थांबू नकोस! भात आहे, मीठ आहे, ये! आला का?" मला कुणी इतक्या प्रेमाने कधी बोलावलं नव्हतं. आईने बोलावलं असेल, मला आठवत नाही. मी तोंड उघडलं. एक शब्द होता. खडकाआडून ओरडलो असतो तर खाली सहज ऐकू गेला असता. तो होताच हाकेच्या अंतरावर. पण आवाज करायचा नाही असा हुकूम होता. आणि मागे माणसं होती, ती जागी झाली असती, मास्तर भुताखेतांना ओ देतो म्हणून हसली असती. कोणतं कारण आधी आलं? मी अडतीस वर्षं हेच बघतो आहे. हुकूम आधी असता तर मी स्वतःला माफ केलं असतं. मला वाटतं, हसतील हे आधी आलं.

"तुम्ही ओ दिली नाही," वाफॉ म्हणाली.

"नाही."

"मग त्यानं परत हाक मारली."

"हो. जास्त मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा. त्याला वाटलं असेल, जीव येत नाहीये. तिसऱ्या वेळी 'आला का' पुरतं म्हणून झालं नाही. दोन गोळ्या वाजल्या."

हे मी याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पाद्र्यालाही नाही. सांगितलं असतं तरी त्याला ते कळलं नसतं. तो म्हणाला असता, तू तर काहीच केलं नाहीस. वाफॉला ते कळलं. हाक मारणारा ओ येईपर्यंत थांबत नाही, थांबूच शकत नाही, हे तिला तिच्या आईच्या मांडीवरच कळलेलं होतं. ती हातातल्या पेल्याकडे बघत राहिली. तिच्या जबड्याची शीर हलत होती. तेवढ्यापुरता मला तिच्यात तो दिसला. त्या दिवशी गोळ्या ऐकताच बोने ताबडतोब निघायचा हुकूम दिला होता, आम्ही पळत डोंगर उतरलो. संध्याकाळी मुक्कामावर हजेरी घेतली. वाफॉचा बाप कुठे? कुणीतरी म्हणालं, पाण्याला म्हणून गेला तो गेलाच, त्याचं घर जवळ आलंय, आडवाटेनं सटकला असणार. हल्ली रोज बायकोचंच बोलत होता. दोघंतिघं हसले. बो माझ्याकडे वळून म्हणाला, "लिहा थरा. पळाला." खरं सांगितलं असतं तर बोने माणसं परत पाठवली असती, आणि जागा दाखवायला मला जावं लागलं असतं. त्या नाल्यात. मी वही उघडली आणि लिहिलं.

"तुमची बोटं तर चालत नव्हती," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. हे ती विचारील असं मला वाटलं नव्हतं. "चालली. अक्षर फार सुरेख आलं."

"आणि जेवलात?"

"त्या संध्याकाळी पोटभर जेवलो. गाढ झोपलो."

"म्हणजे आला," ती म्हणाली. "जीव आला तुमचा. बाबानं आणला." ती हे ठामपणे म्हणाली, एखादं काम नीट झालं की नाही हे तपासून सांगावं तसं. मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. पुढे म्हणाली, "तो आला होता, थरा, तरी तुम्ही सांगितलं नाहीत."

मला तिला सांगायचं होतं की त्यानंतर दीड महिन्याने मीच पलटणीतून पळालो. माझ्या नावापुढे वहीत कुणी काय लिहिलं ते मला माहीत नाही. नंतर सरकारने माफी दिली तेव्हा खाली आलो. रंगूनमध्ये अकरा खोल्या बदलल्या, कारण प्रत्येक खोलीत काही महिन्यांनी कुणीतरी जिन्यात उभं आहे असं वाटू लागे. लग्न केलं नाही. कुणी रस्त्यात दुसऱ्या कुणाला मोठ्याने हाक मारली तरी मी दुकानात शिरतो. पण हे सगळं माझं होतं, आणि ती माझ्यासाठी आलेली नव्हती. तिने पेला खाली ठेवला, झोळी खांद्याला अडकवली.

"दीडची बस आहे," ती म्हणाली. "आईला सांगेन, तो पळाला नाही. एवढं मला सांगता येईल. गावालाही सांगेन. उरलेलं मी सांगणार नाही."

"का?"

"ते माझं नाही. ज्यानं ओ दिली नाही त्यानं येऊन सांगावं. आईच्या हातात आठ-दहा दिवस असतील." दाराशी जाऊन तिने चपला घातल्या. "आणि तो नाला कुठं ते तुम्हालाच माहीत. नाही आलात तर राहू दे. आम्हाला सवय आहे." हे शेवटचं तिने टोचून म्हटलं की नुसतंच, मला कळलं नाही. ती गेली.

मी पानाच्या पुड्याकडे बघत बसलो. तो अजून बांधलेलाच होता. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज उतरत होता, हलका, न अडखळणारा. मी मनाशी म्हणत होतो, तिथे जायला बस, मग मोटारसायकल, मग चढ. माझ्या वयाच्या माणसाने असलं काही करू नये. शिवाय गावासमोर बोलावं लागेल. मला चार माणसांत बोलता येत नाही. पत्र लिहावं. चांगलं, सविस्तर पत्र लिहावं, जागेचा नकाशा काढून द्यावा, अक्षर अजून ठीक आहे. हा विचार आला आणि मी ताडकन उठलो. माझे गुडघे वाजले. मी अनवाणीच दाराबाहेर आलो, कठडा धरला आणि खाली वाकलो. जिना अंधारा होता, तिचा लाल सदरा कुठे दिसेना.

"वाफॉ," मी म्हणालो. तोंडातल्या तोंडातच राहिलं.

मग मी ओरडलो. "वाफॉ!" माझा आवाज इतका मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, कुणीतरी डोकं बाहेर काढलं. एक मुलगा हसला. "वाफॉ! थांब! मी येतोय!" मी आमच्या भाषेत ओरडत होतो, भर दुपारी, चार मजले ऐकत होते. खाली चपला थांबल्या. मी कान देऊन उभा राहिलो. तिने ओ दिली नाही. मी एक पायरी उतरलो, मग दुसरी, आणि पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्याने.